चादरीखाली झाकून आणलेलं मशीन

मशीन आलं तेव्हा त्याच्यासोबत ते बसवणारा माणूसही येणार होता. मशीन आलं, माणूस आला नाही.

हे मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मी वाणिज्य शाखेत शिकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. पेपरात ‘सविस्तर लिहा’ असा प्रश्न आला की माझं उत्तर अर्ध्या पानात संपतं. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या तासाला सर चीनचं नाव काढतात तेव्हा बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे काय येतं कोण जाणे, माझ्या डोळ्यांपुढे एक पितळी तांब्या येतो. त्या तांब्याबद्दल लिहायचं आहे.

नान्ना, म्हणजे माझे वडील, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मागावर चादरी विणायचे. मागांच्या आवाजात उभं आयुष्य गेल्यामुळे ते घरीही ओरडूनच बोलतात. गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की पहिले काही दिवस त्यांना वाटतं, या घरात रोज भांडण होतं. मग कळतं की नान्ना फक्त मीठ मागत होते. घरात आम्ही तेलुगू बोलतो. इथे मी ते सगळं मराठीत लिहिते आहे, एवढं समजून घ्यावं.

चादरीचा धंदा कसा बसला हे मी पुस्तकात वाचायच्या आधी आमच्या कपाटावर बघितलं. पूर्वी आमच्याकडे लग्नात आहेर म्हणून चादर द्यायचे. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात आम्हाला ब्लँकेट मिळालं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चेन लावलेलं, वर मोठा गुलाब. असली ब्लँकेटं चीनमधून येतात असं सगळे म्हणायचे. पुढे ती आपल्याकडेही बनायला लागली, पण नाव तेच राहिलं. अम्माने ते कपाटावर ठेवून दिलं. नान्ना येता-जाता त्याला हात लावून बघायचे. मला वाटलं, ते काहीतरी वाईट बोलतील. एकदा म्हणाले, “मऊ आहे. लोक घेणारच की.”

कारखान्याचे मालक आमच्याच तेलुगू विणकर समाजातले. त्यांचे वडील स्वतः मागावर बसलेले होते, त्यामुळे त्यांना विणकामातलं सगळं कळायचं. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं की चादरीत आता काही राहिलं नाही, आपण टॉवेल करायचे. टॉवेल परदेशात जातो. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला पहिला टॉवेल आणि हजारावा टॉवेल अगदी सारखा लागतो, तो जुन्या मागावर होत नाही. त्यासाठी बिनधोट्याचं नवीन मशीन घ्यायचं. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. जुन्या मागाचा जो खडखडाट असतो तो बराचसा त्याचाच.

“मशीन कुठलं?” जॉबरचाचांनी विचारलं. मागांची दुरुस्ती करणाऱ्याला जॉबर म्हणतात. आमचे जॉबरचाचा शास्त्रीनगरकडचे, दखनीत बोलायचे आणि मालकांना उलट विचारायची हिंमत त्यांच्यातच होती.

“चीनचं.”

“मालक, जिसने चादर को मारा, उसीच के हाथ से दवा लेनी क्या?”

“मग युरोपचं घेऊ म्हणता का चाचा? ते घ्यायला कारखाना विकावा लागेल. मग ते मशीन ठेवू कुठं, तुमच्या अंगणात?”

सगळे हसले. नान्नाही हसले, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं.

मशीनला जागा करायला निम्मे माग काढले. भंगारवाले आले आणि हातोड्यांनी मागांचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फोडून टेम्पोत भरून घेऊन गेले. त्यात नान्नांचा माग होता. उरलेल्या मागांना माणसं पुरेशी होती. मालक नान्नांना म्हणाले, “तुमी सगळ्यात जुने. मशीन बसलं की पहिली पाळी तुमची. तोवर थोडं दम धरा.” म्हणजे मशीन चाललं तर नान्नांना काम, नाही चाललं तर नाही. इतकं सरळ होतं ते. अम्मा बिड्या वळते, माझ्या फीला सवलत आहे, तरी एवढ्यावर घर चालत नाही हे आम्हाला तिघांनाही बोलून न दाखवता माहीत होतं. नान्नांचं वय पन्नाशीच्या पुढचं. दुसऱ्या कारखान्यात कुणी नवीन म्हणून घेण्यासारखं ते राहिलं नव्हतं.

मशीन आलं ते नेमकं वाईट वेळी आलं. सीमेवर दोन देशांच्या सैनिकांत झटापट झाली होती, आपले जवान गेले होते. गावोगावी चिनी माल जाळत होते. आमच्या इथेही चौकात काही पोरांनी खेळणी, माळा, एक जुना टीव्ही रस्त्यावर टाकून पेटवला. त्याच रस्त्याने मशीनचा ट्रेलर यायचा होता. लाकडी खोक्यांवर हातभर मोठी चिनी अक्षरं. जॉबरचाचा आणि नान्ना नाक्यावर थांबले, कारखान्यातून न खपलेल्या चादरी मागवल्या आणि सगळी खोकी चादरींनी झाकली. मोर, हत्ती, वेलबुट्टी. चौकात एका पोराने ट्रेलर थांबवून विचारलं, “काय आहे?” नान्ना म्हणाले, “सोलापुरी चादर.” खोटं नव्हतं ते. पोरगं म्हणालं, “जाऊ दे बे, आपलाच माल हाय.”

हा किस्सा चाचा अजून सांगतात. नान्ना नाही सांगत.

मशीन बसवायला कंपनीचा फिटर येणार होता, तसं ठरलेलंच होतं. पण त्याला आपल्या देशाचा व्हिसा मिळेना. मालकांनी मुंबईच्या एजंटला फोन करकरून पिच्छा पुरवला. एजंट म्हणायचा, वरूनच बंद आहे. मालक एकदा वैतागून म्हणाले, “भांडण डोंगरावर, आणि खोकी माझ्या शेडमध्ये.” कुणाला बोलणार? आपले सैनिक गेले होते, त्यापुढे आमचं मशीन म्हणजे काय. हे मालकांनाही कळत होतं, म्हणून ते पुढे काही बोलले नाहीत.

शेवटी कंपनीनं कळवलं की फिटर तिकडून व्हिडिओवर सांगेल, इकडच्या माणसांनी जोडायचं. मालकांना वाटलं, नान्नांच्या मुलीला इंग्रजी येतं. नान्नांनीच सांगितलं होतं तसं. मला इंग्रजी येत नव्हतं. मला पाठ केलेलं इंग्रजी येत होतं. पण नान्ना घरी येऊन म्हणाले, “बिड्डा, मालकांना सांगून आलोय.” बिड्डा म्हणजे लेकरू. मग नाही कसं म्हणणार?

पहिल्या दिवशी मी भीतीने ओढणीचं टोक पिळत उभी होते. फोन एका स्टुलावर, स्टूल विटांवर. तिकडे जे ॲप सगळे वापरतात ते आपल्याकडे बंद केलेलं, आपण वापरतो ते त्यांच्याकडे चालत नाही. शेवटी कंपनीने कसलीशी लिंक पाठवली. पडद्यावर चाळिशीचा, बारीक केस कापलेला एक माणूस आला. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि माझ्या लक्षात आलं की त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच आहे. एकेक शब्द शोधून ठेवलेला. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्यांपुढे माझी जीभ टाळूला चिकटते, आणि इथे हजारो मैलांवरच्या माणसाशी मी दुपारपर्यंत बोलत होते.

चाचा मधून मधून म्हणायचे, “बेटी, उनकू बोल, ये नट हमारे पाने में नै बैठता.” मी सांगायचे. तो पान्याचं चित्र काढून कॅमेऱ्यासमोर धरायचा. चाचा म्हणायचे, “अच्छा अच्छा, समझ गया,” आणि तरी तेच चुकीचं करायचे, आणि तो तिकडे डोक्याला हात लावायचा. त्याच्यामागे एक मोठं शेड दिसायचं, आपल्या रेल्वे स्टेशनएवढं, आणि त्यात अशीच मशीनं रांगेनं उभी, सगळी कुठल्या कुठल्या देशांत जायला तयार. नान्ना ते बघत राहायचे. एकदा हळूच म्हणाले, “एवढी.” नान्नांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

मशीन जोडून होत आलं तसा दुसराच प्रश्न निघाला. मशीन चालवायचं ते काचेच्या पडद्यावर बोट लावून. नान्नांच्या बोटाला ती काच ओळखच देईना. सुताने आणि लोखंडाने बोटांची टोकं अशी झाली होती की त्यांना आता रेषा नव्हत्या. ते दाबायचे, काही व्हायचं नाही. जोरात दाबायचे, तरी नाही. मी बोट लावलं की लगेच पान उलटायचं. मग रोज संध्याकाळी ते घरी माझ्या फोनवर सराव करायचे. अम्मा बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बघत बसायची. बोटाला तेल लावून झालं, गरम पाण्यात बुडवून झालं. अम्मा म्हणाली, “फोनला पण माणूस ओळखू येतो की काय?” पण हळूहळू जमायला लागलं. करंगळीच्या कडेनं लागायचं. करंगळीच्या कडेनं नान्ना तो पडदा चालवायला शिकले.

फिटरने ते व्हिडिओवर बघितलं. त्याने विचारलं, तुझ्या वडिलांच्या बोटाला काय झालंय? मी सांगितलं, ते विणकर आहेत. तो म्हणाला, त्याची आईही गिरणीत धोट्याच्या मागावर होती. त्यांच्या गावातली गिरणी बंद झाली, तेव्हा तिथले माग असेच हातोड्यांनी फोडले. मी नान्नांना हे सांगितलं. नान्नांनी फोनकडे बघून नुसती मान हलवली, जसं आपण मयताच्या घरी जाऊन मान हलवतो तसं.

मग मशीन चालू करायचा दिवस आला.

आमच्यात माग म्हणजे देव. खंडेनवमीला मागाला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ लागते, नारळ फुटतो. नवीन मागावर तर नारळ फोडल्याशिवाय कुणी हात ठेवत नाही. त्या दिवशी मालकांनी बायकोला आणि मुलांना बोलावलं होतं. पेढे आणले होते. फोन स्टुलावर होता आणि फिटर तिकडे बघत होता, त्याला हे सगळं नवीन होतं, तो हसत होता, त्याच्या मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले होते. सकाळीच त्याने वायरी दाखवायला सांगितल्या होत्या, म्हणून बाजूच्या विजेच्या पेटीचं दार उघडंच राहिलेलं. वीज बंद होती. देवाच्या कामाला सगळं बंद ठेवायचं, एवढं आम्हालाही कळतं.

नान्ना सगळ्यात जुने, म्हणून पूजा त्यांनी करायची. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मशीनला पाच ठिकाणी हळदकुंकू लावलं. नारळ उंबऱ्यावर फोडला, पाणी तांब्यात धरलं, त्यात आंब्याचं पान बुडवलं आणि मशीनभोवती शिंपडत फिरले. सगळे हात जोडून उभे. पेटीपाशी आल्यावर नान्ना थांबले. मालक म्हणाले, “तिथंबी मारा की. तेच तर डोकं हाय त्याचं.”

नान्नांनी पान बुडवलं आणि उघड्या पेटीवर तीनदा शिंपडलं.

जुन्या मागाला पाण्याने काही होत नाही. बीड आहे, लाकूड आहे, पुसलं की झालं. इतक्या वर्षांच्या खंडेनवम्यांमध्ये कधी काही झालं नव्हतं. कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर विज्ञान शिकलेली, दहावीपर्यंत का होईना. आमच्यातल्या एकाच्याही नाही.

फिटर तिकडून काहीतरी म्हणाला होता बहुतेक. टाळ्या वाजत होत्या, ऐकू आलं नाही.

मालकांनी कळ दाबली. नान्नांनी करंगळीच्या कडेनं पडद्याला स्पर्श केला. मशीन सुरू झालं. हातभर टॉवेल विणला गेला, पांढरा, दोन्ही कडा सरळ. नान्ना त्याच्यावर तळहात ठेवून उभे होते. मग पेटीतून जळका वास आला, पडदा काळा झाला आणि मशीन थांबलं.

मालकांनी दोनदा कळ दाबली. चाचांनी पेटीत डोकं घातलं आणि तसंच मागं घेतलं. फोनवरचा माणूस मला विचारत होता. त्याचा पहिला शब्द होता, वॉटर?

मालक माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “सांग त्याला, व्होल्टेज वरखाली झालं. हितं नेहमीच होतं की. पाण्याचं म्हणलं तर पेटीतला जळालेला बोर्ड फुकटात बदलून देणार न्हाईत.”

मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी घर गहाण ठेवून मशीन घेतलं होतं. मी इंग्रजीत व्होल्टेजचं वाक्य जुळवायला लागले. ते जुळतही होतं. पण ‘वॉटर’ हा शब्द सगळ्यांनाच कळतो. नान्ना पुढे आले. त्यांनी जमिनीवर ठेवलेला तांब्या उचलला, फोनसमोर धरला, त्यातलं आंब्याचं पान काढून दाखवलं आणि मग पेटीकडे बोट केलं.

तिकडच्या माणसाने डोळे मिटले. त्याच्या मागचे दोघं निघून गेले. नान्ना तांब्या तसाच धरून उभे होते, त्यांना वाटत होतं की त्याला अजून नीट दिसलं नाही.

मालक त्यांना काहीही बोलले नाहीत. हे मला सगळ्यात जड गेलं. रागावले असते तर नान्नांना काहीतरी म्हणता आलं असतं. पेढे तसेच परत गेले.

घरी येताना नान्ना सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत आले. मी विचारलं, “का सांगितलंत?” ते म्हणाले, “अगं, तो माणूस दुरुस्त करणार. त्याला खोटं सांगितलं तर तो भलतंच दुरुस्त करेल.” बस, एवढंच. मी त्यात काहीतरी मोठं शोधत होते. त्यांच्या डोक्यात फक्त मशीन होतं.

पुढचे महिने बोर्डाची वाट बघण्यात गेले. पाण्याने जळलेला बोर्ड हमीत बसत नाही, असं कंपनीने कळवलं. नवीन विकत घ्यायचा. मालकांनी कसंबसं ते केलं. मग तिकडे त्यांच्या नवीन वर्षाची सुट्टी लागली. मग बोर्ड निघाला आणि आपल्या बंदरात अडकला. चीनहून आलेल्या विजेच्या मालाची तपासणी कडक झाली होती. मालक एजंटला विचारायचे, एजंट म्हणायचा, रांगेत आहे. फिटरने एकदा मला लिहिलं की तो रोज बघतो, बोर्ड अजून तिथेच दिसतो, तो दिलगीर आहे. त्याने दिलगीर का व्हावं मला कळलं नाही. पण दोन देशांतलं दुसरं कुणी आमच्यापाशी दिलगीर झालं नव्हतं.

त्याच दिवसांत कॉलेजात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, चिनी मालावर बहिष्कार टाकावा का. मला ‘टाकावा’ ही बाजू आली. आधी सरांनी फळ्यावर दोन रेषा काढून दाखवल्या होत्या: आपण त्यांच्याकडून घेतो ती वर जाणारी, त्यांना देतो ती खाली रेंगाळणारी, आणि दोन्हींच्या मधली जागा म्हणजे तूट. मी उभी राहिले आणि म्हणाले, “चिनी ब्लँकेटमुळे आमच्या चादरी गेल्या.” हे खरं होतं. पुढचं वाक्यही खरंच सांगायचं तर, आमचं काम आता चीनच्या एका बोर्डावर अडलंय, असं होतं. ते माझ्या बाजूचं नव्हतं. मी थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, “बहिष्कार टाकला वाटतं भाषणावरच.” सगळे हसले, मीही हसले आणि खाली बसले. सर नंतर म्हणाले, तयारी कमी पडली. मी हो म्हणाले. तयारी कमी पडली नव्हती, पण त्यांना काय सांगावं तेही मला धड कळत नव्हतं. फळ्यावरची ती मधली जागा पुसली जाईपर्यंत मी बघत होते. आमचं शेड त्या जागेत कुठे बसतं, असा विचार करत होते.

नान्ना सुरुवातीला रोज कारखान्यात जायचे. मशीनवरची धूळ पुसायचे, त्यावर चादर झाकायचे, परत यायचे. मग मालक म्हणाले, “उगं कशाला एवढं लांब येता? बोर्ड आला की मी फोन करतो.” नान्नांनी जाणं बंद केलं. दिवसभर घरात. अम्माच्या बिड्यांची बंडलं बांधायला लागले. करंगळीनं पडदा चालवायचा सराव मात्र सोडला नव्हता. मी अभ्यासाला बसले की माझा फोन घ्यायचे आणि काहीच न उघडता नुसती पानं सरकवायचे, पुढे-मागे, पुढे-मागे.

मग मालकांचा फोन आला. बोर्ड पोचला होता. फोन माझ्यासाठी होता.

“उद्या ये. चीनवाल्याशी बोलायचंय.”

“नान्नांना घेऊन येते,” मी म्हणाले.

“तू ये आधी.”

नान्ना समोरच होते. त्यांचा आवाज मोठा असला तरी कान अजून तीक्ष्ण आहेत, निदान फोनचं तरी त्यांना ऐकू येतं. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, “जा. तुझ्याशिवाय कोण बोलणार?”

कारखान्यात गेले तर मशीनपाशी एक तरुण मुलगा उभा होता. मैंदर्गीचा, आयटीआय झालेला, मालकांच्या ओळखीतून आलेला. चांगला होता. मला ताई म्हणाला. तो पडद्यावर बोट लावत होता आणि पडदा लगेच ऐकत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि तारेनं बांधलेला होता, आणि तो येता-जाता मशीनकडे असा बघत होता की राग आला नाही.

चाचांनी आणि त्या मुलाने बोर्ड बसवला. पडद्यावरचा फिटर सांगत होता, मी सांगत होते. मध्येच त्याने विचारलं, तुझे वडील कुठे आहेत? मी म्हणाले, घरी. तो म्हणाला, का? त्याचं उत्तर मला इंग्रजीत येत नव्हतं, म्हणजे शब्द नव्हते, आणि असते तरी मालक शेजारी उभे होते. मी म्हणाले, विश्रांती. तो म्हणाला, ओके.

सगळं झाल्यावर मी धीर करून मालकांना विचारलं. “तुम्ही पहिली पाळी नान्नांची म्हणाला होतात.”

“व्हय, म्हणालो होतो.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “हे बघ पोरी, त्यांच्या हाताला ती काच लागत न्हाई, तुलाबी माहीत आहे.”

“करंगळीनं लागते. शिकलेत ते.”

“लागते, लागते. पण आता मला भ्या वाटतं. त्यांचं न्हवं, माझंच. त्यांना तिथं उभं बघितलं की मला तो वास येतो. पाणी मारायला मीच सांगितलेलं, माहीत आहे मला. म्हणून तर जास्त.” मग म्हणाले, “उरलेले मागबी पुढच्या महिन्यात काढतोय. सगळ्यांनाच काय सांगू मी?”

चाचा खाली बघून पाना पुसत होते. उरलेल्या मागांवर जॉबर तेच होते. त्यांचं कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

मशीन सुरू केलं. या वेळी नारळ नव्हता, कुंकू नव्हतं. मुलाने पडद्यावर बोट लावलं आणि टॉवेल विणला जाऊ लागला. हातभर झाला, वावभर झाला, थांबला नाही. फिटरने तिकडून अंगठा दाखवला आणि मग फोन बंद व्हायच्या आधी मला म्हणाला, वडिलांना नमस्कार सांग. त्याला नमस्कार हा शब्द कुठून आला माहीत नाही. चाचांनी मधल्या काळात शिकवला असेल.

मी घरी आले तेव्हा अम्मा आणि नान्ना समोरासमोर बसून बंडलं बांधत होते. नान्नांनी वर बघितलं नाही.

“चाललं?”

“चाललं.”

“थांबलं नाही ना मध्येच?”

“नाही.”

“आवाज कसा आहे?”

मी विचार केला. “आवाज आहे, पण कमी. शेजारी उभं राहून हळू बोललं तरी ऐकू येतं.”

नान्नांचा हात थांबला. मागापाशी उभं राहून हळू बोलता येतं, हे त्यांना पटत नसावं. मग म्हणाले, “काय बोलले मग?”

मालकांचं मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. ते त्यांना कळलेलंच होतं, फोन माझ्यासाठी आला तेव्हाच. मी म्हणाले, “तुमचं विचारलं. कुठे आहेत म्हणून.”

“मालकांनी?”

“नाही. चीनच्या त्या माणसाने.”

त्यांनी मान हलवली. अम्माने दोऱ्याचं रीळ त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी दोरा ओढला, बंडलाला दोन वेढे दिले आणि गाठ मारली.